बिनपट्टीचा गाऊन

४ मार्च

ती. दादास धाकटीचा सा. न. वि. वि.

ह्याला पदवीदान म्हणायचं तर बाजारातल्या गर्दीलाही म्हणावं. सकाळी आठपासून आम्हा आयाबापांना वरच्या गॅलरीत कोंबलं. तू सांगायचास, तुमच्या वेळी घरच्यांना आत सोडत नसत, पण एकेकाला नाव पुकारून पदवी हातात देत. इथे अख्खा वर्ग एकदम उभा केला, टाळ्या, बसा, झालं. नावं पडद्यावर पळतात. मी अक्षरं जुळवेपर्यंत पुढची चार गेलेली. आपल्या पोरीला नंतर विचारलं, तुझं आलं का, तर आलं ना, म्हणाली.

घरी आल्यावर मी तिच्या हातातली ती नळी उघडली. आत कागदच नाही. म्हणते, कागद पोस्टाने येतो, सगळ्यांचंच तसं. असेल बाबा. पण विद्यापीठाचे गाऊन धुवायला आमच्याच लाँड्रीत येतात. प्रत्येकाच्या कॉलरला आतून आकड्याची पांढरी पट्टी मी माझ्या हाताने शिवते. हिच्या गाऊनला पट्टी नव्हती.

घरात पदवी घेतलेला तू एकटा. तुझा गाऊनमधला फोटो समोर भिंतीवर आहे, म्हणून तुलाच विचारते. फोनवर नको, दोन खोल्यांचं घर, ती सगळं ऐकते. नळी खरंच रिकामी असते का, एवढं कळव. लोभ असू दे, आणि तो उत्तरातही दिसू दे.

तुझी धाकटी

९ मार्च

चि. धाकट्या ठिणगीस अनेक आशीर्वाद.

नळी हल्ली रिकामीच देतात. मुलं हजारोंनी, कागद मागून येतो. ती काळजी सोड. पट्टीचं मात्र मला सोडता येत नाही.

मागच्या महिन्यात तुझी पोर आमच्याकडे राहायला आली होती. माझ्या त्या फोटोबद्दल तिने विचारलं, गाऊन कुठून आणला म्हणून. तीस वर्षांत पहिल्यांदा मी खरं सांगितलं. गाऊन फोटो स्टुडिओतला होता. तिथे खुंटीला टांगलेला असायचा, कोणीही अंगात घालावा. हातातली गुंडाळी म्हणजे जुन्या कॅलेंडरचं पान. मी शेवटच्या वर्षी नापास झालो होतो. घरच्यांना आत सोडत नाहीत, हेही माझंच रचलेलं.

मग कोणाला कळलं कसं नाही, असं तिने विचारलं. मी हसलो. कधीच नाही, म्हणालो. आता तर गाऊन कुठेही भाड्याने मिळतो, हेसुद्धा मीच बोलून गेलो. ती का विचारतेय, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

रागाव, पण माझ्यावर. तिच्यावर नको.

तुझा दादा

१२ मार्च

ती. दादास नमस्कार.

रागवायला आत्ता मला वेळ नाही. फोटो भिंतीवरच ठेवलाय. उतरवला तर मला कळलंय हे तिला कळेल.

तुझं पत्र वाचून ते चार दिवस आठवले. निकाल लागल्यावर तू मित्राच्या लग्नाला गेला होतास म्हणे. आई रोज नदीच्या पुलापर्यंत जाऊन यायची, मी तिच्या मागे. मला वाटायचं, ती रस्त्याकडे बघत तुझी वाट पाहतेय. ती पाण्यात बघायची, दादा.

पोरगी जेवते, हसते, मलाच कामाला पिटाळते. काल तिच्या खोलीच्या दाराची आतली कडी मी काढून ठेवली. गंजली होती, म्हणून सांगितलं. दिवसातून तीनदा काहीतरी विसरल्याचं निमित्त काढून घरी पळते. दोन चादरी जाळल्या इस्त्रीने. तिला सरळ विचारायला गेले तर माझं तोंड तुला माहीत आहे. ते आधी भाजतं, मग विचारतं. आणि तू इकडे येऊ नकोस, तुला दारात बघून ती ओळखेल.

चौथ्या दिवशी तू परत आलास तेव्हा आई एवढंच म्हणाली, हातपाय धू, जेवायला बस. त्याऐवजी ती काय म्हणाली असती, तर तू खरं सांगितलं असतंस? जसंच्या तसं लिहून पाठव, मी पाठ करीन. शनिवारी मला सुट्टी आहे, घरात आम्ही दोघीच. शुक्रवारपर्यंत तुझं पत्र माझ्या हातात पडलंच पाहिजे.

तुझी धाकटी