आंब्याखाली दोन तांबे

तीर्थरूप आईस,
लांबूनच तुझ्या पायावर डोकं ठेवते.

मी बरी हाय. थंडी हाय, पण तुझी गोधडी पुरते. गुडघा कसा हाय? धाकटा दत्ता तुला शिरूरला डॉक्टरकडं नेतो, का नुसतं व्हय व्हय म्हणतो?

आबांना सावडायला मी आले न्हाई म्हणून तू फोनवर येत न्हाईस, म्हणून लिहिते. तवा आमच्या युद्धगुन्ह्यांच्या कोर्टात एका बाईची साक्ष होती आन् तिच्याजवळ बसायचं काम माझं. तिच्या गावातली माणसं मारल्याचा खटला एका कर्नलवर चालला होता. शिक्षेचं तिला काही पडलं नव्हतं. माझ्या पोराला कुठं पुरलं, एवढंच त्यानं सांगावं म्हणून ती तेवीस वर्षं थांबली होती.

परवा तो कर्नल कोठडीतच म्हातारपणानं गेला. निकाल न लागता खटला बंद झाला. मेल्यानं तोंड उघडलंच न्हाई. त्याच्या मढ्याची पेटी मात्र विमानानं त्याच्या घरी गेली.

हे तिला मीच सांगितलं. ती रडली न्हाई. आबा गेल्याचं तिला ठाऊक होतं. दुभाष्याकडून तिनं विचारलं, "तुझा बाप कुठंय?"

मी म्हणलं, "न्हावऱ्याला, आमच्या शेतात. भावानं राख खड्ड्यात घालून वर आंबा लावलाय."

तिनं माझा हात धरला. "पाणी कोण घालतं?"

तूच घालत असशील, आई. माझ्यावरचा राग राहू दे. पण उद्यापासून तिथं एक तांब्या जास्त घाल, तिच्या पोराच्या नावानं. त्याला पाणी कुठं घालायचं, हे सांगणारं आता कुणी उरलं न्हाई.

तुझीच,
अनुपमा