सुरतेतले बिबडे

माय, शेजारणीनं काल विकतचे बिबडे आणून दिले. पांढरे, एकसारखे गोल, पिशवीवर छापील चित्र आणि खाली ‘ज्वारीचे पापड’. तळले, खाल्ले, चवीला बरे होते. उगाच नावं कशाला ठेवू? पण उलटून पाहिला तर मागची बाजू गुळगुळीत, प्लास्टिकवर घातलेली. मी तो बिबडा हातात धरून बसले आणि तेल तापून धुरावलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, पोरगी शिकली पण चुलीकडे लक्ष देणं काही शिकली नाही. तेव्हाच ठरवलं की तुला लिहायचं. तुला वाचता येत होत्या त्या फक्त बसच्या पाट्या, त्याही अंदाजानं, पण त्याला आता इलाज नाही.

आप्पा सुरतेला उधन्याच्या कापड मिलमध्ये आणि आपण गावी आजीजवळ, असं माझं लहानपण सुरू झालं. गावातल्या निम्म्या घरांचं तसंच होतं. पुरुष सुरतेला, बायका सासूच्या नजरेखाली, आणि दिवाळी-आखाजीच्या सणाला चार दिवस भेट. मग एका दिवाळीनंतर तू आम्हा भावंडांना घेऊन आप्पांच्या मागोमाग गाडीत बसलीस, सुरतेतच दिंडोलीच्या खोलीत बिऱ्हाड मांडलंस आणि जवळच्या मराठी शाळेत आमची नावं घातलीस. आजीनं जाऊ दिलं, पण अट घालून. वर्षाचं वाळवण घरच्या बाईनं करायचं ही तिची रीत. ते गावी येऊन करायचं तर दर उन्हाळ्यात परीक्षा बुडणार. म्हणून ती म्हणाली, तिथेच करून दाखव. जमलं तर राहा, नाही तर पोरांना घेऊन कायमची परत ये. वर हेही म्हणाली, "सुरतनी हवामा बिबडा टिकत नही." म्हणजे आपण सगळे एका घरात राहायचं की नाही, हे ज्वारीच्या पापडावर ठरणार होतं. आज हसू येतं, पण तेव्हा आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पहिल्या वर्षी तू आनंदात होतीस, कारण कापडाची ददात नव्हती. गावी बिबडे घालायला जुनी धोतरं धुंडाळावी लागायची. इथे आप्पांनी मिलमधून छपाई बिघडलेल्या साड्या आणल्या, कोऱ्या, चमकदार, मोठमोठ्या फुलांच्या. चैत्रात घरमालकाच्या अगाशीवर, म्हणजे गच्चीवर (तू तिला शेवटपर्यंत धाबंच म्हणालीस) तू त्या अंथरल्यास, आणि तीळ-जिरं-लसूण घातलेला ज्वारीचा घाटा तळव्यानं थापत गेलीस. खालच्या सुरती मासी वर येऊन म्हणाल्या, "केटलुं सरस लागे छे!" खरंच सुंदर दिसत होतं, बागेत चंद्र उगवल्यासारखं. काढायच्या वेळी कापड उलटं करून पाणी शिंपडलं, तर ते आत मुरेना, ओघळून गेलं. तू बिबडे ओढून काढलेस, वरून वाजवून पाहिलेस, कडक वाजले, डब्यात भरलेस. श्रावणात डबा उघडला आणि आंबूस वास खोलीभर झाला. सगळ्या बिबड्यांच्या पाठीवर हिरवी बुरशी.

तू रडली नाहीस. डबा उचललास, खोलीमागच्या मातीच्या पट्टीत गेलीस, जिथे तू वांगी, गिलकी आणि वालाची वेल लावली होतीस, आणि सगळे बिबडे वांग्यांच्या मुळाशी पुरलेस. त्या हिवाळ्यात वांगी अशी लगडली की आपण गल्लीभर भरीत वाटलं. जेवताना आप्पा म्हणाले, "आपण बिबडाच खाई ऱ्हायनूत." सगळे हसलो. तू हसली नाहीस. आजीनं निरोप धाडून आणखी एक वर्ष दिलं होतं, आणि ते तुझ्या डोक्यात घर करून बसलं होतं.

त्या हिवाळ्यातली तू मला सगळ्यात जास्त आठवतेस. ओट्याच्या कोपऱ्यात एका वाटीत मीठ उघडं ठेवलेलं आहे. सकाळी उठलीस की चहाच्या आधी तू ते चिमटीत धरून चोळतेस. थंडीत मीठ कोरडं राहतं, मोकळं सुटतं. आदल्या वर्षी होळी सरून समुद्राकडचा वारा सुरू झाला तेव्हा त्याच मिठाचा गोळा झाला होता. गावचं ऊन वैशाखात कामाला येतं, सुरतेचं ऊन माघ-फाल्गुनातच गाठायला हवं, हे तुला त्या वाटीनं सांगितलं. मग तू कापडांच्या मागे लागलीस. मिलच्या साडीचा तुकडा आणि माझ्या भावाच्या जुन्या सदऱ्याचा तुकडा शेजारी ठेवून दोन्हींवर घाटा थापायचा, वाळू द्यायचा, बोटानं मागून चाचपायचं. एक दिवस तू मला हाक मारून साडीचा तुकडा दाखवलास. "हाई कापड पानीच पेत नही. मंग बिबडानं पानी कोठे जाई?" मी शाळेतून आल्याआल्या जेवण मागत होते, मला त्यात काय विशेष ते कळलं नाही. आता मी स्वतः वर्गात मुलांना बाष्पीभवन शिकवते, आणि तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते एखाद्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसलं की मला तास थांबवावासा वाटतो.

पण सुती कापड आणायचं कुठून? ज्या शहरात हातगाड्यांवरून दिवसभर कापडाचे गठ्ठे वाहतात, तिथे गल्लीत कुणाकडे एक जुनं सुती धोतर निघेना. सगळ्यांच्या अंगावर मिलचा सिंथेटिक माल. आप्पा म्हणाले, गावी निरोप धाडू. तू नको म्हणालीस. आजीकडे कापड मागायचं म्हणजे हरलो असं आपणच सांगायचं. माघातल्या एका दुपारी मी शाळेतून आले, तर तू दारात गोधडी उसवत बसली होतीस. लग्नात तुझ्या आईनं दिलेली ती गोधडी, आपण सगळे थंडीत जिच्याखाली ओढाओढ करायचो. वरचा थर निघाला, मधल्या चिंध्या निघाल्या, आणि आतून तुझ्या आईचं लुगडं निघालं, जवळजवळ अख्खं, जाडंभरडं, चौकड्यांचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. तुझी आई मी पाहिलेली नव्हती. तू लुगडं नाकाशी नेलंस, मग उठून बादलीत भिजवलंस. माय, त्या क्षणाचं मला अजून नवल वाटतं. मी असते तर ते लुगडं ट्रंकेत घडी घालून ठेवलं असतं आणि दर वर्षी काढून रडले असते.

होळीच्या आधी तू बिबडे घातलेस. पहाटे चूल पेटली आहे, मोठ्या पातेल्यात घाटा रटरटतो आहे, आणि तू दोन्ही हातांनी लाकडी दांडा फिरवते आहेस. धाब्यावर ओलं लुगडं पसरलेलं आहे आणि तुझा तळवा घाट्यावरून फिरतो तसा बिबडा मोठा, पातळ, गोल होत जातो. उन्हानं दुपारपर्यंत कापड कडक झालं. तू ते उलटं केलंस, पाणी शिंपडलंस, आणि ते पाणी लुगडं पिऊन गेलं. बिबडे आपसूक सुटले, आणि प्रत्येकाच्या पाठीवर लुगड्याची वीण उमटलेली, चौकड्यांसकट. तू एक उन्हासमोर धरलास आणि आम्हाला बोलावलंस. आम्ही पाहतच राहिलो.

आजी श्रावणात आली. पाऊस कोसळत होता, भिंतींना ओल आली होती. तिनं पाय धुतले, पाणी प्यायलं आणि सरळ डबा मागितला. तू दिलास आणि बाजूला उभी राहिलीस. आजीनं वास घेतला, अगदी तळाचा बिबडा काढून कानाशी मोडला. मग दुसरा काढून त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"हाई धोतर नही," ती म्हणाली. "हाई लुगडं शे. कोनं?"

"मन्ही मायनं."

आजीनं त्या चौकड्या उजेडाकडे धरून पाहिल्या. तिनं बिबडा तळायला सांगितला नाही, पदराला हात पुसले आणि विचारलं, "इतलं काब्र करं?" इतकं का केलंस?

तू खाली पाहून म्हणालीस, "पोरेसनी शाळा शे, आत्याबाई."

"ऱ्हा मंग आठेच," आजी म्हणाली, आणि आपण राहिलो.

शाळेसाठी, असंच आप्पांनी भावकीत सांगितलं. मीही माझ्या मुलांना तेच सांगत आले, की तुमच्या आजीनं आमच्या शिक्षणासाठी आईची गोधडी उसवली. पण आता माझं वय तुझ्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेलं आहे, आणि मला वेगळंच काही आठवतं. गावी आप्पा आले की तू पदर ओढून ताट वाढायचीस आणि आत जायचीस. तुझं हसणं कसं असतं ते मला गावी माहीतच नव्हतं. ते मी पहिल्यांदा दिंडोलीत ऐकलं. सुट्टीच्या दिवशी आप्पा उंबऱ्यात बसायचे, गरम घाट्याचा पहिला डाव, वर तेलाची धार, त्यांच्या ताटलीत पडायचा, आणि तू विचारायचीस, "मीठ बराबर शे का?" मिठाबद्दल तुला जगात कुणाला विचारायची गरज नव्हती, माय. तू विचारायचीस, ते सावकाश खायचे, मुद्दाम उत्तर द्यायचे नाहीत, आणि तू समोर बसून राहायचीस.

शाळा होतीच, नाही कशाला म्हणू. पण तुला तुझ्या नवऱ्याबरोबर राहायचं होतं. तेवढ्यासाठी तू एका शहराची हवा ओळखलीस. हे आजीपुढे बोलण्याची सोय नव्हती आणि मलाही तुझ्यासमोर बोलता आलं नसतं, म्हणून हे पत्र कुठे जायचं नाही तेच बरं. काल बिबडा खाताना लेकीनं पुन्हा विचारलं, आजीनं एवढं का केलं गं? मी शाळेचंच सांगितलं.