सुटली म्हणायचं राहिलं

प्रिय जजसाहेब,

आपली ओळख नाही. तुम्हाला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, तरी आज मी तुमच्या कोर्टाची चढले; तीही पार्किंग कुठे मिळतं ते आधीच बघून ठेवू, असं माझा नवरा संजय म्हणाला म्हणून! उद्या तिथेच मला अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घ्यायची आहे. काही सुचत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

भिंतीवर तुमची तसबीर होती. दारावरच्या म्हाताऱ्या गार्डने तुमची सगळी कथा सांगितली. शेतकऱ्याचा मुलगा, वकिलाच्या कचेरीत पडेल ते काम करत कायदा शिकला, फेडरल जज झाला. एका गावचं कोर्ट उठलं की घोड्यावरून पुढच्या गावाला. छान चाललं होतं की हो! मग यादवी युद्ध पेटलं आणि तुम्ही राजीनामा देऊन देशातून फुटलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या कोर्टात जाऊन बसलात. ज्या हाताने एक शपथ घेतली, त्याच हाताने दुसरी. जीभ अडखळली नाही?

माझी आत्ताच अडखळतेय. नाशिकहून निघताना आई म्हणाली होती, "तिथलीच होऊन बसू नकोस, तुला माझी शपथ आहे." आमच्यात ज्याने शपथ घातली त्यानेच "सुटली" म्हणावं लागतं. फोनवर कितीदा म्हटलं, "आई, सुटली म्हण ना!" ती हसायची आणि विचारायची, "जेवलीस का?" दोन वर्षांपूर्वी ती गेली. म्हणालीच नाही.

संजय म्हणतो, "यार, पोरांचा खेळ आहे तो! ग्रीन कार्डवर अजून किती वर्षं काढायची?" आमची इरा विचारते, "आई, आर यू स्केअर्ड?" हो, आहे! टीव्हीवर रोज इराकचं युद्ध, आणि वेळ पडली तर शस्त्र उचलीन असंही त्या शपथेत आहे. मला झुरळ मारवत नाही!

तुमचं बरं होतं. युद्ध हरलात, माफीचा अर्ज केलात, राष्ट्राध्यक्षांनी सही केली. तुम्हाला "सुटली" म्हणणारं कुणीतरी होतं! पण गार्ड म्हणाला, नंतर तुम्ही वकिली केलीत, जजच्या खुर्चीत मात्र पुन्हा बसला नाहीत. बसू दिलं नाही, की तुमचंच मन झालं नाही? सुटलेल्या शपथेचंही ओझं राहतं का हो?

वचन देते. उद्या तुमच्यासमोर उजवा हात वर करीन आणि जे म्हणेन ते पाळीन. पण आईकडे आता "सुटली" मागणार नाही. तिने घातलेली तेवढी एकच गोष्ट माझ्या अंगावर उरली आहे. ती राहू दे.

उद्या तुमच्या तसबिरीखाली उभी राहणारी,
अनघा