मोहाखालचा गोटा

१२ जानेवारी २०२५, रविवार

कळमेश्वरला एका लग्नात ताट हातात घेऊन उभी होते. मागे आमचा शेतशेजारी हेमराज कुणाला तरी सांगत होता — 'गणपतराव? अरे, खोटं बोलू बोलूच मेला तो माणूस!'

माझे बाबा!

वळले आणि म्हटलं, खोटारडा तुझा बाप. हद्दीचा गोटा त्यानं सरकवला. ताट तसंच टेबलावर ठेवून निघून आले.

१३ जानेवारी

सकाळी हेमराजचा फोन. वाटलं, माफी मागेल. कसची!

'मोजून घ्या ना, बाई. सरकारी मोजणी करा. आमच्या बाबानं गोटा सरकवला असंन त साऱ्या गावापुढं तुमचे पाय धरतो. नसंन त तुम्ही आमच्या घरी या अन् बाबाच्या फोटोपुढं वाका.'

म्हटलं, कबूल.

दुपारी तातडीच्या मोजणीचा अर्ज देऊन आले. शाळेतल्या सिस्टर अग्नेस म्हणायच्या, सूड देवावर सोपवावा. सोपवला होता. पंचावन्न वर्षं!

१९ जानेवारी

झोपाळ्यावर बसून बाबांची आठवण. खाप्याचं ते शेत. मी दहा वर्षांची, नागपूरला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये. त्या पावसाळ्यात कन्हानच्या पुरात आमच्या आणि शालिकरामच्या — हेमराजच्या बापाच्या — शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, वाहून गेला. हद्दीची खूण म्हणून उरला एक जुना सरकारी गोटा, तोही कलंडलेला. पूर ओसरल्यावर बाबांनी तो जागेवर पाहिला होता. आणि दिवाळीनंतर पाहतात तर गोटा दहा-बारा फूट आत, आमच्या मोहाच्या झाडाखाली! शालिकराम म्हणाला, मी हात नाही लावला, गोटा जिथं तिथं माझी हद्द. आणि तिथवर वखर घातला.

दोघे जिवलग होते. एका चिलमीचे. त्यानंतर मरेपर्यंत बोलले नाहीत.

शेवटच्या आजारात बाबा छताकडे बघत म्हणायचे, 'गोटा सरकवला गं त्यानं.' मला हेमराज वाकलेला पाहायचा आहे. बस.

३ फेब्रुवारी

मोजणीची नोटीस आली. त्यालाही गेली असेल. छान.

११ फेब्रुवारी

मोजणी झाली. मोजणीवाल्या बाई, रितिका नाव. हसरी, उन्हानं रापलेली. यंत्र म्हणजे एक काठी, वर उलट्या वाडग्यासारखी पांढरी टोपी. त्याला रोव्हर म्हणतात. आकाशातल्या उपग्रहांवरून जागा कळते म्हणे, बोटाच्या पेरापर्यंत! मोहाखाली मात्र यंत्र अडलं. 'झाडाखाली आभाळ दिसत नाही ना काकू त्याला.' आज नुसती मापं घेतली. नकाशाशी जुळवून पुढच्या खेपेला खुणा दाखवणार.

मोह अजून तसाच आहे. खाली गोटा, चुन्याचे पोपडे उडालेला. इथंच अंजू आणि मी भातुकली मांडायचो. अंजू म्हणजे हेमराजची बहीण, माझ्याहून वर्षानं लहान. बाबांनी इतवारीतून पितळी भांडी आणली होती, लिंबाएवढी. बुडावर नुसता 'अ' कोरून घेतला — अरुंधतीचा आणि अंजूचाही, पोरींचं भांडण नको म्हणून. असे होते बाबा.

अंजू भिवापूरला दिली. दोन वर्षांपूर्वी तिनं कुणाच्या हाती मिरच्या पाठवल्या होत्या. पाकीट न उघडता परत केलं. बरं केलं.

२० फेब्रुवारी

मंगळवारी खुणा. पांढरी साडी इस्त्रीला दिली. बाबांना आवडायची ती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

झालं. सारं लिहिते.

अर्धं गाव जमलं होतं. मोहाची पानं या दोन आठवड्यांत झडली होती, यंत्राला आभाळ दिसत होतं. रितिकानं काठी घेतली आणि गोट्यापाशी उभी राहिली. पडद्यावर बाण. मी तिच्या खांद्यावरून पाहत होते. बाण थरथरला आणि वळला — हेमराजच्या हरभऱ्याकडे! साडेतीन मीटर. ती चालू लागली, मी मागे. घाटे भरलेला हरभरा पायाखाली. तीन. दोन. एक. काठी सरळ धरून तिच्यावरचा बुडबुडा मध्ये आणला, यंत्र टुक् वाजलं. 'इथं आहे मूळ हद्द, काकू.' खुंटी ठोकली.

बाबा खरे होते! मी मोठ्यानं म्हटलं, ऐकलं का सगळ्यांनी?

हेमराज काळाठिक्कर पडला. कुणीतरी म्हणालं, 'काहून गा हेमराज, आता?' त्यानं खणायला सब्बल घेतली. 'नवा गोटा मीच रोवतो.' दोन हात खोल खड्डा खणला. तळाशी काहीतरी खणकलं. मातीनं माखलेला पितळेचा गंज — इवलंसं पातेलं, लिंबाएवढं. 'कोण्या पोराचं खेळणं दिसते,' म्हणून त्यानं तो माझ्या हातात दिला.

मी अंगठ्यानं बूड पुसलं.

तेवढ्यात तो वाकला. दोन्ही हातांनी माझे पाय धरले. 'बाबानं केलं असंन. माफ करा, ताई.' साठीचा माणूस, गावापुढं रडत होता.

मी मूठ मिटली. त्याला उठवलं नाही.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपास.

बुडावर 'अ' आहे.

त्या दिवाळीतली सुट्टी. मोहाच्या सावलीत चूल मांडायची होती, आणि चुलीला गोटा हवा होता. तो कलंडलेला होताच. अंजूनं तुरीच्या काड्या खाली घातल्या, मी लोटला. दुपारभर घामाघूम होऊन नेला तिथवर. आणि मागे राहिलेल्या खड्ड्यात मी गंज पुरला — पुढच्या सुट्टीत काढू, म्हणून. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला बोर्डिंगला पोचवलं. पुढच्या सुट्टीत भांडण लागलेलं होतं, अंजूकडे जायची बंदी होती. मी त्या बंदीवरच रडले. गोट्याचा आणि भातुकलीचा संबंध माझ्या मनात कधी आलाच नाही. इतकी वर्षं!

बाबा खरे. शालिकरामही खरा. हातच लावला नव्हता त्यानं.

कुणाला कळणार आहे? गंज माझ्या कपाटात. अंजूला काय आठवणार, ती तर नऊ वर्षांची होती. हेमराज वाकला तो वाकला. हेच हवं होतं ना मला?

पाय सारखे धुते आहे.

२८ फेब्रुवारी

भिवापूरहून फोन. आवाज ओळखला.

'हेमराज सांगून राहिला होता, खड्ड्यातून गंज निघाला म्हणून. त्याचं झाकण माह्यापाशी हाये वं, अरू. आमच्या बाबाचं नाव गावात आता चोर म्हणून घेऊन राहिले. हेमराजले तू सांगतं, का मी सांगू?'