दफनभूमीतून दिसणारं बडोदं

मास्तर,

तुमचं अर्धं राहिलेलं चित्र काल काकूंनी माझ्या हातात दिलं. "यांच्या श्राद्धाला भिंतीवर लावायचंय. गाव तेवढं राहिलंय, रंगवून दे," म्हणाल्या. तुम्ही गेल्यापासून मी कुंचल्याला हात लावलेला नाही, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

मूळ चित्र कॉलेजात तुमच्या वर्गाच्या भिंतीवर होतं. कोणा गोऱ्या कप्तानाने आमच्या आजोबांच्या काळी काढलेलं, कॅम्पातल्या सोजिरांच्या दफनभूमीचं. पुढे पांढरी थडगी, मागे कडुनिंब, आणि पार लांब, निळसर धुरकट, आपलं बडोदं. नक्कल करायला तुम्ही आम्हाला थेट तिथल्या उंचवट्यावरच नेऊन बसवलंत. मी थडग्यांना पांढरा रंग फासायला लागलो, तर माझा हात धरलात. "पांढरं लावायचं नसतं रे, कागद सोडायचा. एकदा भरलास की गेलं." मग माझ्या कागदावरच्या गावाकडे पाहिलंत. मधोमध लालभडक ठिपका. "हे काय?" "वाडी मोहल्ला. एका गच्चीवर लुगडं वाळतंय." "इथून वाडी दिसते?" "मला दिसते." पोरं खिदळली. तुम्ही हसला नाहीत. कानाशी येऊन म्हणालात, "जरा फिकट कर, गाढवा. तिचा बाप बघेल."

बापाने ठिपका नाही बघितला, इंदूरचं स्थळ बघितलं. तिचं लग्न ठरलं त्याच आठवड्यात मी कॉलेज सोडलं. तुम्ही घरी आलात तेव्हा मी जिन्यातच ओरडलो होतो, मेलेल्या गोऱ्यांची थडगी काढून कोणाचं भलं झालंय! तुम्ही शांतपणे म्हणालात, "रड, हरकत नाही. फक्त कुंचले धुऊन ठेव. रंग वाळला की केस गळतात." असा संताप आला होता मला! पण त्याच संध्याकाळी धुतले.

आज चित्र घेऊन कॅम्पात गेलो. तिथला म्हातारा चौकीदार तुमची चौकशी करतो, "केम भाई, एकला? मास्तर क्यां?" मी नुसतं वर बोट केलं. त्याने डोक्यावरचं फडकं काढलं आणि माझ्यासाठी पाणी आणून ठेवलं. तुम्ही कोरी सोडलेली थडगी अजून उजळ आहेत, मास्तर. लाल रंग मी मुद्दाम घरी ठेवून आलो होतो. ती आता इंदुरात, कडेवर मूल. तरी हात तिकडेच ओढतो. चित्रातल्या पाणीगेटाच्या वेशीकडून निळ्या रंगाचं पाणी ओढत आणलं आणि वाडीपाशी कुंचला आपसूक उचलला गेला. तांदळाएवढा कागद तसाच राहिला.

काकूंनी चष्मा लावून पाहिलं. "हे एवढं कोरं कसं राहिलं रे?" "धूर आहे, काकू. कोणीतरी चूल पेटवलीय." त्यांना पटलं. हा पत्राचा कागद तुमच्या चित्रामागे खोचणार होतो, पण धूळ पुसताना त्या काढून वाचतील. तेव्हा खिशातच राहू दे.

धूर नाही तो, मास्तर.