चार शब्दांऐवजी चार चरण

४ मार्च, सकाळी
ही बहिणीकडे गेली. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन. आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न. निघताना दारात म्हणाली, एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्याशी धड चार शब्द बोलला नाहीत. मी तेव्हा तिची बॅग काट्याला लावून पाहत होतो. सवय. वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर म्हणून उभा जन्म गेला. बॅग अठरा किलो भरली. पंधरवड्यासाठी जरा जास्तच, असं मी बोललोही. तिने काट्यावरून बॅग उचलली. गाडीची घाई असणार.

४ मार्च, संध्याकाळी
विचार केला. चार शब्द म्हणजे किती? तेवढे तर दूधवालाही बोलतो. हिला काहीतरी भरीव हवं आहे. २८ला लग्नाचा वाढदिवस. तोवर ही आलेली असेलच. त्या दिवशी कविता वाचून दाखवायची. तीही वृत्तात. मुक्तछंद नको. ज्याला माप नाही, अशा गोष्टींवर मी आयुष्यभर दंड ठोठावत आलो. चार शब्द मागतेस? घे चार चरण!

७ मार्च
लायब्ररीत संध्याकाळी कवितेचा क्लास असतो. नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई रिटायर्ड शिक्षिका. लघु म्हणजे आखूड अक्षर, गुरू म्हणजे लांब. एवढंच! हे तर आमच्याच खात्याचं काम. बाई म्हणाल्या, नवख्यांनी ओवीपासून सुरुवात करावी, तिच्यात अक्षरं कमीजास्त चालतात. कमीजास्त? माझ्यासमोर? मी भुजंगप्रयात निवडलं. आधी एक लघु, मग दोन गुरू, या तिघांचा एक गण, असे चार गण. ओळीत बारा अक्षरं, एक इकडे नाही की तिकडे नाही. पंधरवड्यात हातचा मळ.

१० मार्च
ऑफिसच्या कामावर. एका वाण्याचा काटा तपासत होतो. तो काहीतरी म्हणाला, ते मी मनात मोजून पाहिलं. लघु, गुरू, गुरू, मग घसरलं. बोटांवर पुन्हा मोजलं. वाणी ताटकळत उभा. नंतर कळलं, तो 'तुम्ही माझ्या पायावर उभे आहात, साहेब' असं म्हणत होता. माझी एकाग्रता पाहून चकित झाला असावा.

१२ मार्च
होमवर्क: जवळच्या माणसाला उपमा द्या. लिहिलं, 'तुझा चेहरा खात्याच्या प्रमाणित वजनासारखा, पितळी आणि गंज न लागलेला.' क्लासमधल्या दोघी हसल्या. बाईंनी विचारलं, पत्नीच्या चेहऱ्यावर तुम्हाला आणखी काय दिसतं? खूप आठवून पाहिलं. कपाळ आहे. चष्मा आहे. चष्म्याची फ्रेम काळी की तपकिरी, ते काही केल्या आठवेना. फोटो पाहिला, तर त्यात चष्माच नाही. जुना फोटो.

१५ मार्च
हिचा फोन आला. मी दुसऱ्या गणात अडकलेलो. उचलला नाही. उचलला असता तर साधंच बोलावं लागलं असतं, आणि सरप्राइज फुटलं असतं. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. दोन्ही वेळा समोर बसून राहिलो. कलावंताला निष्ठुर व्हावं लागतं.
जेवण: ब्रेड. कालचा.

१६ मार्च
आज चेतनगुणोक्ती. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते अशी कल्पना करायची. घरी प्रॅक्टिस केली. फ्रिज कण्हतो. नळ पुटपुटतो. जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्यांपैकी एक रुसून तोंड फिरवून बसली आहे. तिला म्हणालो, अगं, असं काय करतेस? मग ती खुर्ची उचलून आतल्या खोलीत ठेवली. अलंकार जमला, पण संध्याकाळ काही सरेना.

१८ मार्च
पहिली ओळ झाली!
'घराला तुझी फार आहे जरूरी.'
बारा अक्षरं, चारी गण चोख. क्लासमध्ये वाचली. बाई म्हणाल्या, हीच पाठवा, आजच पाठवा, पुढे काही लिहू नका. बाईंच्या पोटात दुखतंय हे उघड आहे. मी घरी येऊन ओळ खोडली. उपमा नाही, यमक नाही, काही नाही. ऑफिसातून टेबल-खुर्च्या मागवतात तशी ओळ. बायकोला अशी देतात का?

२१ मार्च
कन्येचा फोन. म्हणाली, बाबा, आईला एक फोन करा ना. म्हटलं, काम चालू आहे. म्हणाली, काम राहू दे, नुसता फोन करा, काही बोलला नाहीत तरी चालेल. मी म्हटलं, रिकाम्या हाताने कसा करू? मावशी आता काठीशिवाय चालते, एवढं सांगून तिने फोन ठेवला. म्हणजे ही दोन-तीन दिवसांत येणार. घर झाडायला हवं.

२३ मार्च
नवी ओळ: 'तुझे केस काळे, जणू की निशा गे.' हिचे केस पांढरे आहेत हे मान्य. पण पांढऱ्या रात्रीची उपमा कोण देतं? उपमेसाठी काळे केले. 'की' आणि 'गे' भरतीचे आहेत. बाई म्हणाल्या, वृत्त हे नुसतं माप, माल तुमचा पाहिजे. तुम्ही मापात खडे टाकताय. मापातले खडे! आणि हे मला सांगतात! घर झाडून ठेवलं. आली नाही.

२६ मार्च, दुपारी
चमत्कार! हिचा व्हॉइस मेसेज आला. सुरुवात नेहमीचीच: फोन उचलत नाही तुम्ही, असो, बहीण आता चालते, औषधं वेळेवर घ्या. आणि मग शेवटी:
'इथे मी बरी हो, नका वाट पाहू.'
मोजलं. पुन्हा मोजलं. लघु गुरू गुरू, लघु गुरू गुरू, चारदा! अस्सल भुजंगप्रयात, आणि तेही बोलता बोलता! मी तीन आठवडे ऊर फोडतोय, हिच्या तोंडून सहज पडलं. भरतीचं एक अक्षर नाही. काय बाई आहे ही! मेसेज वीसेक वेळा ऐकला. दर वेळी चोख. हाच पहिला चरण घेतो, आता तीनच उरले. माझी आणि हिची संयुक्त कविता!

२७ मार्च
क्लासमध्ये ओळ म्हणून दाखवली. टेबलावर ठेका धरून. बाईंनी विचारलं, कोणाची? म्हटलं, आमच्या मंडळींची. टाळ्या पडतील असं वाटलं होतं. बाईंनी हळूच विचारलं, मग तुम्ही त्यांना काय उत्तर दिलंत? म्हटलं, उत्तर कसलं, पुढचं यमक शोधतोय, 'पाहू'ला 'राहू' आहे, 'साहू' आहे. बाई म्हणाल्या, अहो, त्या काय म्हणाल्यात ते ऐका.
चालत घरी आलो. मेसेज लावला. या वेळी बोटं खिशात ठेवली.
नका वाट पाहू.
अठरा किलोची बॅग मी स्वतः तोलली होती. वजनात माझा हात धरणारा खात्यात कोणी नाही. पंधरा दिवसांत परत येणाऱ्या माणसाचं ते वजन नव्हतं. ते तेव्हाच कळायला हवं होतं. आतल्या खोलीतली खुर्ची टेबलापाशी आणून ठेवली. फार एकटं वाटतंय.

२८ मार्च
वाढदिवस. कविता रद्द. सरळ बोलायचं ठरवलं. अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि फोन केला.
मेव्हणीने उचलला. म्हणाली, भावोजी, ताई पोहायला गेलीय. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. नाही, पोहायलाच. या महिन्यात शिकली म्हणे. आता तरंगते. ही! गुडघाभर पाणी पाहिलं की माझी बाही धरणारी! कधी धरली होती, तेही आठवलं. तेव्हाही मी काही बोललो नव्हतो.
मेव्हणीने विचारलं, काही निरोप सांगू का? खूप होतं सांगण्यासारखं. ती खोडलेली ओळसुद्धा होती, अक्षरन् अक्षर पाठ. मेव्हणी वाट पाहत होती, मागे कोणाचा तरी कुकर वाजत होता. शेवटी म्हणालो, सांगा, फोन आला होता.
फोन ठेवल्यावर सवयीने मोजले. बरोबर चार शब्द भरले.