घसा बसलेला हॉर्न

बाबा,

तुमची गाडी अजून मसोलीच्या घरासमोरच उभी आहे. भंगारवालासुद्धा हात जोडेल अशी तिची दशा, पण विकता येत नाही. आईला आता फारसं आठवत नाही. तुम्ही गेलात, हेही नाही. आणि तुम्ही आल्याशिवाय ती जेवत नाही. तलासरीच्या शाळेतून परतताना तुम्ही वळणावर दोनदा हॉर्न द्यायचात आणि ती पानं घ्यायची. म्हणून रोज संध्याकाळी मी गाडीत बसून दोनदा हॉर्न देतो, आत येऊन तुमच्या जागी बसतो. ती वाढते, जेवते. समोर कोण बसलंय ते बघत नाही.

विवळवेढ्याला देवीचं दर्शन घेऊन निघालो आणि गाडी सुरूच होईना, तो दिवस आठवतो. मी धक्का मारून घामाघूम, आणि तुम्ही वर मलाच झापताय, "काल दिवे पिवळे पडले, सकाळपासून सेल्फ रडतोय, हॉर्नचा घसा बसलाय. बॅटरी सांगून जाते रे, कान कुठे ठेवलेस?" तेव्हापासून माझे कान उघडे आहेत.

गेल्या महिन्यात तीच लक्षणं दिसायला लागली. हॉर्न घोगरा झाला. आई म्हणाली, "घसा बसलाय वाटतं यांचा," आणि आल्याचा काढा करून माझ्यासमोर ठेवला. मी मुकाट्याने प्यायलो. मग रोज घोगरा हॉर्न, रोज काढा. मला हसू यायचं आणि रडूही. पण बॅटरी पार बसली तर आई उपाशी राहील, या धास्तीने काल डहाणू रोडहून मेकॅनिकला घेऊन आलो. "साहेब, हिच्यात आता काय नाय राहिला, नवीनच टाका," तो म्हणाला. टाकली.

संध्याकाळी हॉर्न खणखणीत वाजला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच आई हॉर्न ऐकून बाहेर आली. "सुटला बाई घसा एकदाचा!" किती खूश होती. गाडीजवळ येऊन तिने काचेतून आत पाहिलं आणि मला म्हणाली, "तू कशाला बसलायस इथे? ते कुठायत?"

तिने आत जाऊन घेतलेली पानं उचलून ठेवली. आज पुन्हा हॉर्न दिला, तर ती जागची हललीही नाही. काय करू मी, बाबा? जुनी बॅटरी मेकॅनिक घेऊन गेला. हे पत्र गाडीच्याच खणात ठेवतो, दुसरीकडे कुठे टाकणार? एक मात्र सांगतो. तिने विचारलं तेव्हा मीही वळून बाजूच्या सीटकडे बघितलं.